कविता पडद्यावर आणताना : चीनचा अनुभव

सन १७६३ च्या सुमारास सून जू या चिनी विद्वानाने ‘तीनशे तांग कविता’ हा संग्रह तयार केला. मुलांच्या हाती तेव्हा असलेले कवितांचे पुस्तक त्याला समाधानकारक वाटत नव्हते. म्हणून तांग काळातल्या (इ.स. ६१८ ते ९०७) नामांकित कविता निवडून त्याने हे घरगुती शिक्षणाचे पुस्तक केले. चिनी मुले आजही या कविता लहानपणी पाठ करतात. मकतबमध्ये शिकलेल्यांना ही रीत परकी वाटणार नाही : शब्द आधी जिभेवर बसतात, अर्थ वयाबरोबर उलगडतो.

पण हीच कविता लहान मुलांसाठी पडद्यावर आणायची तर अडचण येते. यातल्या कित्येक कविता अवघ्या चार ओळींच्या, वीस अक्षरांच्या आहेत. कवी ‘डोंगर’ म्हणतो आणि थांबतो. चित्रकाराला मात्र कुठला तरी एक डोंगर काढावाच लागतो. कवीने मोकळी सोडलेली जागा मग भरून जाते.

यावर शांघायच्या ॲनिमेशन स्टुडिओने एक सुंदर तोडगा काढला. तिथल्या कलावंतांनी १९६० च्या सुमारास पाण्यात विरघळणाऱ्या शाईची चिनी चित्रे हलती केली. छटांचे थर वेगवेगळे रंगवून, पुन्हा पुन्हा छायाचित्रित करून ते एकत्र आणावे लागत. १९६३ चा ‘गुराख्याची बासरी’ हा याच पद्धतीचा लघुपट. दिग्दर्शक होते तॅ वेई आणि छ्येन च्याचुन. म्हशीवर बसलेला गुराखी पोर ही चिनी कवितेतली जुनी प्रतिमा. मुलाला झोप लागते, स्वप्नात म्हैस हरवते, बासरीच्या सुरांनी ती परत येते. संवाद एकही नाही. कागदाचा बराच भाग कोराच राहतो आणि तिथे धुके आहे की पाणी, हे पाहणाऱ्या मुलाने ठरवायचे. लघुपट कुठल्या एका कवितेवर बेतलेला नाही, पण कविता जशी बोलते तसा तो बोलतो.

नेमके हेच पुढे गुन्हा ठरले. यात वर्गसंघर्ष कुठे आहे, संदेश कोणता, असे विचारले गेले. १९६६ मध्ये सांस्कृतिक क्रांती सुरू झाली. लघुपट बासनात गेला, तॅ वेई यांनाही छळ सोसावा लागला. १९७९ मध्ये डेन्मार्कमधील ओडेन्स येथील महोत्सवात याच लघुपटाला सुवर्ण पारितोषिक मिळाले.

आता काळ वेगळा आहे. कवी ली बाइ आणि काव शी यांच्या मैत्रीवरचा ‘छांगआन’ हा २०२३ चा ॲनिमेशनपट जवळजवळ तीन तासांचा. त्यात चाळीसहून अधिक कविता येतात आणि चित्रपटगृहात मुले पात्रांबरोबर त्या म्हणू लागली. फेब्रुवारी २०२४ मध्ये चिनी सरकारी दूरचित्रवाणीने पाठ्यपुस्तकातल्या कवितांवर कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मदतीने बनवलेली मालिका सुरू केली. पूर्वी थरावर थर रंगवून जे साधत असे, ते काम आता यंत्र झपाट्याने करते.

कविता मुलांपर्यंत पोहोचते आहे, ही आनंदाचीच गोष्ट. पण कवितेने उपयोगी असावे हा आग्रह गेलेला नाही. तेव्हा तो राजकारणाचा होता, आता अभ्यासक्रमाचा आहे. आपल्या उर्दू-मराठी वर्गांतही बालकविता संपली की लगेच तात्पर्य विचारले जाते. अशा वेळी त्या लघुपटातला कोरा कागद आठवावा. मुलाला सगळेच दाखवले, सगळेच समजावले, तर त्याने स्वतः पाहायचे काय?