मोडलेल्या मणक्यात रक्त पोहोचतंय का? एमआरआयवर हे कसं कळतं

बादली उचलताना माझ्या आजीच्या पाठीत कळ आली. एक्स-रेमध्ये दोन मणके दबलेले दिसले, पण नवा कोणता आणि जुना कोणता ते कळेना. म्हणून एमआरआय झाला. दोन महिन्यांनीही दुखणं थांबेना, तेव्हा डॉक्टरांनी कॉन्ट्रास्ट देऊन पुन्हा एमआरआय सांगितला. दोनदा कशाला? मलाही हाच प्रश्न पडला होता.

साध्या एमआरआयमध्ये काय दिसतं?
ऑस्टिओपोरोसिसमध्ये हाडं ठिसूळ होतात. मग नुसतं वाकल्यानेही मणका दबू शकतो. एमआरआयमध्ये क्ष-किरण नसतात. चुंबक आणि रेडिओ लहरींनी शरीरातल्या हायड्रोजनचे सिग्नल पकडतात. ‘स्टर’ या पद्धतीत चरबीचा सिग्नल दाबला जातो. त्यामुळे ताज्या फ्रॅक्चरमधली सूज पांढरी दिसते. जुना, भरून आलेला मणका सहसा तसा चमकत नाही.

रक्तपुरवठा कसा बघतात?
शिरेतून गॅडोलिनियमचं इंजेक्शन देतात आणि त्याच जागेच्या प्रतिमा काही सेकंदांच्या अंतराने घेत राहतात. साधा एमआरआय फोटो असेल, तर हा व्हिडिओ समजा. औषध रक्तासोबत जिथे पोहोचतं, तो भाग उजळतो. किती लवकर आणि किती उजळला, याचा आलेख कॉम्प्युटर काढतो. जो भाग उजळतच नाही, तिथे रक्तपुरवठा फार कमी असतो.

त्याने फरक काय पडतो?
हाड जुळायला रक्त लागतं. ते मिळालं नाही तर तो भाग मरतो, आत पोकळी होते आणि मणका आणखी दबत जातो. जर्मन सर्जन हर्मन क्युमेल यांच्या नावावरून याला क्युमेल आजार म्हणतात. आजीच्या मणक्याचा पुढचा भाग काळाच राहिला होता. पट्टा लावून, आराम करूनही दुखणं का थांबत नव्हतं, ते तेव्हा समजलं. बाकी तपासण्या जुळवून पाहिल्यावर डॉक्टरांनी मणक्यात सिमेंट भरण्याचा पर्याय समजावला.

हे लक्षात ठेवा
• कॉन्ट्रास्ट प्रत्येकाला लागत नाही. गाठ किंवा जंतुसंसर्गाची शंका असली तरी तो देतात.
• किडनीचा त्रास किंवा पेसमेकर असेल तर आधीच सांगा.
• मोबाईल बाहेर ठेवा. जुन्या एमआरआयची सीडी मात्र सोबत न्या, तुलनेला लागते.

घरातल्या म्हाताऱ्या माणसाची पाठ अचानक दुखू लागली, तर “वय झालं” म्हणून सोडून देऊ नका. आम्ही सुरुवातीला तेच केलं होतं.