ब्रह्मपुरीच्या वाटेवरची सायकल

१/ १८८५ साली इंग्लंडमधील कॉव्हेन्ट्री येथे जॉन केम्प स्टार्ली यांनी ‘रोव्हर’ सायकल बाजारात आणली. दोन्ही चाके जवळपास सारखी, मागच्या चाकाला साखळी. १८८८ साली डनलॉप यांनी हवेच्या टायरचे पेटंट घेतले. शहरातील माणूस सुट्टीच्या दिवशी गावाकडच्या निवांत वाटांवर सायकलने फिरू लागला.

२/ भारतात सायकल दीर्घकाळ विलायतेहून येई. सोनीपतचा ॲटलस कारखाना १९५१ साली, तर लुधियानाचा हीरो १९५६ साली सुरू झाला. त्यानंतर ती हळूहळू खेडोपाडी पोहोचली.

३/ वैनगंगेच्या पश्चिमेस वसलेल्या ब्रह्मपुरी परिसरात धानाच्या बांध्या, तलाव आणि जंगल यांच्यामधून रस्ते जातात. येथे सायकल शाळा, शेत व आठवडी बाजार यांसाठी रुळली.

४/ ब्रह्मपुरी वनविभागात ताडोबाबाहेरही वाघांचा मोठा वावर आहे. सायकलचा आवाज होत नाही. त्यामुळे वळणावर माणूस व वाघ दोघेही बेसावध सापडू शकतात.

५/ इंग्लंडच्या सायकलस्वाराला हवीहवीशी वाटणारी शांतता येथे पहाटे आणि सायंकाळी धोक्याची ठरते. म्हणून रस्त्याच्या सुरक्षिततेचा प्रश्न हा मुलींच्या शिक्षणाचाही प्रश्न आहे.