पंचमहासरोवरांवरील परचक्र

परचक्र म्हटलें कीं घोडदळ व तोफा डोळ्यांपुढें उभ्या राहतात; परंतु उत्तर अमेरिकेच्या पंचमहासरोवरांवर विसाव्या शतकाच्या अखेरीस जें परचक्र आलें, त्यांतील शिपाई म्हणजे नखाएवढे शिंपले होते. अंगावरील पट्ट्यांमुळें 'झेब्रा' हें नांव पडलेल्या या शिंपल्याचें मूळ घर काळा समुद्र व कास्पियन समुद्र यांच्या खोऱ्यांत आहे.

रिकामें जहाज तोल राखण्यासाठीं टाक्यांत पाणी भरून घेतें, व माल चढवितांना तें ओतून टाकतें. त्या पाण्यांतून परके जीव सरोवरांत येत आहेत, हें कॅनडा सरकारसाठीं झालेल्या पाहणींत १९८१ सालींच दिसून आलें होतें. तथापि कायदा झाला नाहीं. १९८८ सालीं सेंट क्लेअर सरोवरांत झेब्रा शिंपला सांपडला. पुढच्याच वर्षीं डिसेंबरांत शिंपले व बर्फ यांनीं नळ चोंदून मिशिगनमधील मन्रो शहराचें पाणी तुटलें. नळ कोरडे पडले, तेव्हां कोठें राज्यकर्ते जागे झाले!

१९९० सालीं अमेरिकेनें कायदा केला. १९९३ पासून परदेशी जहाजांनीं सरोवरांत शिरण्यापूर्वीं टाक्यांतील पाणी भर समुद्रांत बदलावें, अशी सक्ती झाली. कारण गोड्या पाण्यांतील बहुतेक जीव खाऱ्यांत तगत नाहींत. मात्र मालानें भरलेल्या जहाजांच्या 'रिकाम्या' टाक्यांत उरणारा गाळ या नियमांतून सुटला. ती फट कॅनडानें २००६ सालीं व अमेरिकेनें २००८ सालीं बुजविली. त्यानंतर नव्या जीवांचें आगमन पुष्कळच घटलें.

परंतु आंत शिरलेल्या शत्रूचें काय? क्लोरीननें नळ साफ होतो, सरोवर होत नाहीं. व्हर्जिनियांतील मिलब्रुक येथील पाण्यानें भरलेली एक खाण २००६ सालीं पोटॅशियमच्या क्षारानें शिंपलामुक्त झाली. कारण तें पाणी कोंडलेलें होतें. उलट २००७ सालीं याच कुळांतील क्वाग्गा शिंपला दूर पश्चिमेस मीड सरोवरांत उगवला. तेथें जहाजें जात नाहींत. होड्यांना चिकटून तो गेला असावा. म्हणून आज अनेक राज्यांत हमरस्त्यांवर होड्यांची झडती होते. आयडाहो राज्यानें २०२३ सालीं स्नेक नदींत तांब्याचें औषध सोडलें. तरी पुढल्या वर्षीं शत्रु पुनः दिसलाच.

सेंट क्लेअर सरोवरांतील मूळचे शिंपले मात्र या आक्रमणांत जवळजवळ नामशेष झाले. त्यांच्यासाठीं कोणताच नळ कोरडा पडला नव्हता. १९८१ च्या इशाऱ्यापासून १९९३ च्या सक्तीपर्यंत बारा वर्षें गेलीं. त्या बारा वर्षांची किंमत सरोवरें अद्यापि मोजीत आहेत.