केशरोपण शस्त्रक्रियेतील साहाय्यक कर्मचारी

केशरोपण शस्त्रक्रियेतील साहाय्यक कर्मचारी : डोक्याच्या मागच्या व बाजूच्या भागातले केस मुळांसकट काढून टक्कल पडलेल्या जागी लावण्याच्या शस्त्रक्रियेत शल्यचिकित्सकाच्या हाताखाली काम करणारा चमू. त्यात परिचारिका, ओटी (शस्त्रक्रियागृह) टेक्निशियन आणि ग्राफ्ट (मुळांसकट काढलेले केसांचे पुंज) काढण्या-लावण्याचे खास शिक्षण घेतलेले तंत्रज्ञ असतात. एका रुग्णामागे साधारण तीन ते सहा माणसे लागतात. दोन-अडीच हजार ग्राफ्टची शस्त्रक्रिया सहा ते आठ तास चालते आणि त्यातला मोठा वेळ रुग्णाच्या डोक्यावर हात असतात ते या माणसांचेच. दवाखान्याच्या पाटीवर मात्र नाव डॉक्टरांचे असते. म्हणून कोणते काम कोणी करायचे, हा या शस्त्रक्रियेतला कळीचा प्रश्न आहे.

धावडा (ता. भोकरदन, जि. जालना) यासारख्या गावातल्या तरुणाला या शस्त्रक्रियेसाठी छत्रपती संभाजीनगर, पुणे किंवा मुंबई गाठावी लागते. डॉक्टरांची भेट बहुधा एक-दोनदाच होते. बाकी सगळे बोलणे होते ते चमूतल्या लोकांशी. त्यामुळे ही माहिती शहरातल्या रुग्णापेक्षा त्याला अधिक गरजेची आहे.

चमू कसा वाढला : न्यूयॉर्कचे त्वचारोगतज्ज्ञ नॉर्मन ओरेंट्राइख यांनी 1950च्या दशकात ही पद्धत सुरू केली आणि 1959 मध्ये त्यावरचा निबंध प्रसिद्ध केला. त्या काळी सुमारे 4 मिलिमीटर व्यासाच्या, बरेच केस असलेल्या चकत्या लावत. त्यांची संख्या थोडी असल्याने डॉक्टर आणि एक नर्स एवढ्यावर काम भागे, पण केस बाहुलीच्या डोक्यावर असतात तसे झुपक्यांनी दिसत. पुढे टेक्सासमधले डॉ. बॉबी लिमर यांनी कातडीची पट्टी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून एक ते चार केसांचे नैसर्गिक पुंज सुटे करण्याची रीत रूढ केली. ग्राफ्टची संख्या शेकड्यांतून हजारांत गेली आणि एका माणसाच्या आवाक्यातले काम उरले नाही. विल्यम रासमन आणि रॉबर्ट बर्नस्टीन यांनी 2002 मध्ये एफयूई (फॉलिक्युलर युनिट एक्स्ट्रॅक्शन) पद्धत वैद्यकीय नियतकालिकातून मांडली. तीत पट्टी न कापता एक मिलिमीटरच्या आसपासच्या पंचने एकेक पुंज सोडवतात. टाके टळले, पण हातांची गरज आणखी वाढली.

कामाचे स्वरूप : एफयूईमध्ये पंचने केसाभोवती गोल छेद घेतल्यावर साहाय्यक बारीक टोकाच्या चिमट्याने ग्राफ्ट अलगद वर ओढतो. ओढण्याची दिशा चुकली किंवा घाई झाली, तर मूळ तुटते. तुटलेले मूळ पुन्हा रुजेलच असे नसते आणि मागचा साठा तर मर्यादित असतो. काढलेले ग्राफ्ट सूक्ष्मदर्शकाखाली किंवा भिंगाखाली तपासून एककेशी, द्विकेशी, त्रिकेशी असे वेगळे करतात आणि थंड सलाइनमध्ये किंवा तत्सम द्रावात ठेवतात. ही वर्गवारी दिसण्यावर थेट परिणाम करते. कपाळावरच्या पहिल्या ओळींत एककेशी ग्राफ्टच हवेत. तिथे त्रिकेशी लागले, तर केस लावलेले आहेत हे लांबूनही ओळखू येते.

ग्राफ्टचा खरा शत्रू कोरडेपणा. भोकरदनच्या मिरची पट्ट्यातल्या शेतकऱ्याला हे समजावून सांगावे लागत नाही. उपटलेल्या रोपाच्या मुळ्या उन्हात सुकल्या, तर ते रोप कितीही नीट लावले तरी धरत नाही. ग्राफ्ट काही मिनिटे जरी उघड्या हवेत राहिले, तरी पेशी मरू लागतात. थंड सलाइनमध्ये ठेवलेल्या ग्राफ्टचीही मुदत असते. लिमर यांच्या निरीक्षणात शरीराबाहेर दोन तास राहिलेले सुमारे 95 टक्के, सहा तास राहिलेले 86 टक्के, तर 48 तास राहिलेले जेमतेम निम्मे ग्राफ्ट जगले. म्हणून बशीतला द्राव, बर्फ आणि घड्याळ यांवर लक्ष ठेवणारी व्यक्ती चमूत असावीच लागते. तिचे काम दिसत नाही. त्याचा परिणाम दिसायला वर्ष जाते आणि तेव्हा काय बिघडले हे शोधून काढण्याची सोय उरत नाही.

लावण्याच्या टप्प्यात डॉक्टरांनी केलेल्या चिरांत दोन-तीन तंत्रज्ञ ग्राफ्ट बसवतात. ग्राफ्ट मुळाच्या गड्ड्याला न धरता त्याच्या भोवतालच्या मऊ पेशींना धरून आत सरकवायचा असतो. खोल गेला तर पुढे गाठ किंवा पुळी होते, उथळ राहिला तर सुकून जातो. शेजारचा ग्राफ्ट दाबाने वर उसळला, तर तो परत बसवावा लागतो. रक्त येत राहिले, तर जागाच दिसत नाही, म्हणून एकाचा हात सतत फवारणी आणि पुसण्यात गुंतलेला असतो. मान वाकवून तासन्‌तास बसल्याने या लोकांना मानेचे आणि डोळ्यांचे त्रास जडतात. चांगले केंद्र त्यांना आळीपाळीने विश्रांती देते. थकलेल्या हाताने लावलेला ग्राफ्ट वाया जाण्याची शक्यता अधिक, त्यामुळे ही विश्रांती रुग्णाच्याही हिताची आहे.

भूल आणि देखरेख : या शस्त्रक्रियेतला सर्वांत मोठा धोका केसांचा नसून भुलीचा आहे. डोके सुन्न करण्यासाठी लिग्नोकेन टोचतात. ॲड्रेनॅलिनसह त्याची कमाल मात्रा शरीराच्या प्रत्येक किलो वजनामागे साधारण 7 मिलिग्रॅम धरतात. 60 किलोच्या माणसाला ती 420 मिलिग्रॅम, म्हणजे 2 टक्क्यांच्या औषधाचे अवघे 21 मिलिलिटर होते. दिवसभरात मागच्या भागाला, मग पुढच्या भागाला, मग दुखू लागले म्हणून पुन्हा असे करत ही मर्यादा नकळत ओलांडली जाऊ शकते. म्हणून सिरिंज भरणाऱ्या परिचारिकेने प्रत्येक वेळची मात्रा वेळेसह लिहून ठेवणे, रक्तदाब, नाडी आणि ऑक्सिजन पाहत राहणे आणि ओठ बधिर होणे, कानात आवाज येणे, बडबड किंवा गुंगी ही विषबाधेची लक्षणे दिसताच डॉक्टरांना बोलावणे, हे तिचे पहिले कर्तव्य होय. या कामासाठी प्रशिक्षित परिचारिकाच हवी. केस लावण्यात तरबेज असलेला तंत्रज्ञ तिची जागा भरून काढू शकत नाही.

या शस्त्रक्रियेत जीवही जाऊ शकतो. मार्च 2019 मध्ये मुंबईतल्या चिंचपोकळी भागातील एका दवाखान्यात केशरोपण करून घेतलेल्या मध्यमवयीन व्यावसायिकाचा दोन दिवसांत मृत्यू झाला. एकाच बैठकीत 9,000च्या वर ग्राफ्ट लावल्याचे आणि तीव्र ॲलर्जीचा संशय असल्याचे तेव्हाच्या बातम्यांत आले होते. एवढे मोठे काम एका दमात करणे योग्य आहे का, यावर त्या वेळी डॉक्टरांमध्येही चर्चा झाली.

मर्यादा आणि नियम : केशरोपण शल्यचिकित्सकांची आंतरराष्ट्रीय संघटना 1993 मध्ये स्थापन झाली. रुग्णाची तपासणी, शस्त्रक्रियेची आखणी, केशरेषा ठरवणे, मागचे केस काढण्यासाठीचे छेद, पुढच्या भागातल्या चिरा आणि गुंतागुंतीवरचे उपचार ही कामे डॉक्टरांनीच करावीत, अशी तिची भूमिका आहे. तयार चिरांत ग्राफ्ट बसवणे प्रशिक्षित साहाय्यकाकडे देता येते. इस्तंबूलमध्ये अनेक ठिकाणी तंत्रज्ञच सगळी शस्त्रक्रिया उरकतात आणि स्वस्त पॅकेजच्या मोहाने भारतीयही तिकडे जातात. या प्रकाराविरुद्ध ही संघटना मोहीम चालवते.

भारतात दिल्ली उच्च न्यायालयापुढे हा विषय आल्यानंतर राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने सप्टेंबर 2022 मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. योग्य शल्यप्रशिक्षण घेतलेल्या नोंदणीकृत डॉक्टरांनी किंवा त्यांच्या देखरेखीखालीच हे काम व्हावे, कार्यशाळा पाहून किंवा यूट्यूबवर शिकून ते करू नये आणि साहाय्यक परिचारिका, ओटी टेक्निशियन अशा वैद्यकीय पार्श्वभूमीचे असावेत, असा त्यांचा आशय आहे. महाराष्ट्रात परिचारिकांची नोंदणी महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे होते. केस लावण्याचे कौशल्य मात्र बहुधा कामावरच, अनुभवी सहकाऱ्याच्या शेजारी बसून शिकले जाते. आठवड्याभराच्या शिकवणीवर कोणाला टेबलाशी बसवणे ही फसवणूकच म्हटली पाहिजे.

शस्त्रक्रियेनंतर : डोके कसे धुवायचे, खपल्या कधी पडतील, कोणत्या कुशीवर झोपायचे हे सांगणारेही साहाय्यकच असतात. खपल्या साधारण दहा-बारा दिवसांत पडतात. पुढच्या काही आठवड्यांत लावलेले केसही गळतात, तीन-चार महिन्यांनी नवे फुटतात आणि पूर्ण परिणाम दिसायला नऊ ते बारा महिने लागतात. खेड्यातल्या रुग्णाला ऊन, धूळ, डोक्यावरचे ओझे यांबद्दल वेगळे बजावावे लागते. छापील इंग्रजी कागद हातात देऊन ते साधत नाही.

प्रत्येक केसगळतीवर हा उपाय नव्हे. 2024च्या अखेरीस शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यात, शेगाव तालुक्यातल्या गावांत लोकांचे केस अचानक गळू लागले. जालना जिल्ह्यातल्या देहेडचे सुपुत्र डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी त्याचा संबंध गव्हातल्या सेलेनियमशी जोडला. अशा वेळी कारण शोधायचे असते. केंद्रात पहिल्यांदा फोन उचलणाऱ्या साहाय्यकालाही एवढे कळले पाहिजे.

आगाऊ रक्कम भरण्याआधी रुग्णाने विचारावे : भूल कोण देणार, छेद आणि चिरा कोण करणार, ग्राफ्ट लावणाऱ्यांचे शिक्षण काय, परिचारिकेची नोंदणी आहे का आणि डॉक्टर शेवटपर्यंत थांबणार का. उत्तरे लेखी घ्यावीत. जिथे ती देण्याची टाळाटाळ होते, तिथे शस्त्रक्रिया करून घेऊ नये.