हिशेबाचे दुसरे टोक : बालाघाटावरील उक्त्या मजुरीच्या नोंदी

बिदागीवर येणारा कीर्तनकार, मुंबईच्या कलाशाळेत तासांच्या हिशेबाने चित्रकारांपुढे बसणारी स्त्री आणि टनाच्या दराने ऊस तोडणारा मजूर ही वरवर पाहता परस्परांशी संबंध नसलेली माणसे होत. अर्थव्यवहाराच्या दृष्टीने मात्र ती एकाच वर्गात पडतात. कोणाची कायम नोकरी नाही. ठरलेल्या कामाचा ठरलेला मोबदला घ्यावयाचा आणि निघून जावयाचे. अशा माणसास दिलेल्या पैशाची नोंद कोण ठेवतो, कोणासाठी ठेवतो आणि त्या नोंदीत त्याचे स्वतःचे नाव असते काय, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात बीड तालुक्यातील लिंबागणेश व त्याभोवतालच्या बालाघाटाच्या पट्ट्यापुरता केला आहे.

लिंबागणेश हे गणपतीच्या स्थानामुळे प्रसिद्ध असलेले गाव. जमीन हलकी, पाऊस बेभरवशाचा. जुन्या गावगाड्यात येथील हिशेब कुलकर्ण्याच्या दप्तरात असे. शेजारच्या मुलखातील ही व्यवस्था त्रिंबक नारायण आत्रे यांनी ‘गावगाडा’ (१९१५) या ग्रंथात तपशिलाने वर्णिली आहे. बलुतेदारास सुगीच्या वेळी धान्य मिळे, त्याचा हक्क सर्वमान्य असे व तंटा झाल्यास कागदपत्र पुढे येत. रोजाने लावलेल्या उपऱ्या मजुराचे तसे नव्हते. दप्तर सरकारी वसुलासाठी होते. ज्याच्याकडून सारा अथवा मोहतर्फा यावयाचा त्याचे नाव त्यात असणे स्वाभाविक, आणि ज्याच्याकडून काहीच यावयाचे नाही त्याचे नसणेही तितकेच स्वाभाविक. पहिल्या सालारजंगाच्या दिवाणगिरीत (१८५३ ते १८८३) निजामी राज्यात जिल्हाबंदी झाली, पुढे राज्यकारभारात फारसीची जागा उर्दूने घेतली, फसली सनाचे कागद वाढले. परंतु नोंदीचा हा मूळ हेतू बदलला नाही. हैदराबाद संस्थान १९४८ मध्ये भारतात विलीन झाले व १ एप्रिल १९५० पासून भारतीय आयकराचा कायदा या भागास लागू झाला, तेव्हाही बालाघाटावरील कोरडवाहू कुणब्याच्या वा मजुराच्या जीवनात त्यामुळे फारसा फरक पडला नसावा. कर भरण्याइतके उत्पन्न होते कोणाचे?

फरक पडला तो उसामुळे. प्रवरेच्या सहकारी कारखान्याचा पहिला हंगाम १९५०-५१ मध्ये झाला आणि त्यानंतर पश्चिम महाराष्ट्रात कारखाने झपाट्याने वाढले. त्यांना तोडणीस माणसे हवी होती आणि बालाघाटावर पावसाळा संपताच हातांना काम नव्हते. या गरजेतून जी पद्धत रूढ झाली तिचा मध्यबिंदू मुकादम होय. हंगामापूर्वी कारखाना मुकादमाशी अथवा वाहतूकदाराशी करार करून त्यास आगाऊ रक्कम देतो. मुकादम तीच रक्कम ‘उचल’ म्हणून गावातील जोडप्यांना वाटतो. पती-पत्नी मिळून एक ‘कोयता’. दसरा-दिवाळीच्या सुमारास बिऱ्हाडे निघतात, ती उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. या काळात एक कोयता दिवसाकाठी साधारणतः दीड ते दोन टन ऊस तोडतो. ऊस काट्यावर मोजला जातो, पावती होते, आणि दराने येणारी मजुरी उचलीत वळती होते. कामावर न आल्यास ‘खाडा’ लागतो. हंगामाअखेर उचल फिटली तर ठीक; न फिटल्यास बाकी पुढील सालावर जाते.

आता याच एका रकमेचे दोन ठिकाणी काय होते ते पाहण्यासारखे आहे. कारखान्याच्या खतावणीत ती ठेकेदारास दिलेली आगाऊ रक्कम असते. इ. स. १९६१ च्या आयकर कायद्यात १९७२ मध्ये १९४-सी हे कलम घालण्यात आले व कंत्राटाच्या कामापोटी पैसे देणाऱ्याने उगमस्थानीच कर कापून घ्यावा अशी तरतूद झाली. कालांतराने सहकारी संस्थाही तिच्या कक्षेत आल्या. रक्कम खात्यावर जमा होताना किंवा प्रत्यक्ष देताना, जे आधी घडेल त्या वेळी कपात करावयाची असल्याने, अशा कंत्राटी देण्यात आगाऊ रकमेचीही नोंद काटेकोर होऊ लागली. कपातीचे प्रमाणपत्र ज्याच्याशी करार त्याच्या नावे निघते. मुकादमाच्या वहीत मात्र तीच रक्कम कामगाराच्या अंगावरील कर्ज असते. एकीकडे मोबदला, दुसरीकडे ऋण! या वहीची तपासणी कोणी करीत नाही व तिची प्रत कामगारास मिळत नाही.

वस्तुतः नीट नोंद ठेवणे मुकादमाच्याही हिताचे असते. त्याच्या नावावर हंगामात जमा होणारी सर्व रक्कम त्याची नव्हे. त्याचे खरे उत्पन्न कमिशनपुरते. हे दाखवावयाचे तर दिलेल्या मजुरीच्या सही-अंगठ्याच्या पावत्या हव्यात. शिवाय व्यवसायाच्या खर्चापोटी एका व्यक्तीस एका दिवसात दहा हजारांपेक्षा अधिक रोख दिल्यास तो खर्च सामान्यतः वजावटीस पात्र धरू नये, असा नियम २०१७ पासून त्याच कायद्यात होता (तत्पूर्वी ही मर्यादा वीस हजारांची होती). रोख उचलीची प्रथा या नियमाशी मेळ घेणारी नाही. मुकादमाने आपल्या बचावासाठी घेतलेली पावतीच कामगाराच्याही उपयोगी पडू शकते. पण ती नावाची असावी, कोयत्याची नव्हे.

याच काळातील एका निराळ्या नोंदीकडे येथे लक्ष वेधावेसे वाटते. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातील असंख्य कुटुंबे खडी फोडण्याच्या व बंधाऱ्यांच्या कामावर गेली; मे १९७३ च्या सुमारास राज्यात अशा कामांवर सुमारे ५० लक्ष माणसे होती. वि. स. पागे यांच्या प्रयत्नांतून आकारास आलेली रोजगार हमी योजना पुढे कायद्याने बांधली गेली आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो कायदा अमलात आला. योजनेच्या खर्चासाठी राज्याने १९७५ मध्ये व्यवसायकर बसविला. शहरातील पगारदार, वकील, डॉक्टर यांच्याकडून आलेल्या त्या पैशातून बालाघाटावरील मजुराचा रोज निघू लागला, आणि त्या रोजासाठी हजेरीपट ठेवला गेला. या हजेरीपटावर स्त्रीचे नाव पुरुषाच्या नावाखाली दडलेले नव्हते. तिची हजेरी स्वतंत्र, तिचा अंगठा स्वतंत्र. हजेरीपटांत खोटी नावे घुसविल्याच्या तक्रारी पुष्कळ झाल्या, हे खरे. तथापि, ज्या नोंदीत खोटे नाव शोधता येते ती नोंद, जीत नावच नाही तिच्यापेक्षा श्रेष्ठ मानली पाहिजे.

उसाच्या फडात अशी नोंद झाली नाही. वजनाची पावती गाडीच्या वा मुकादमाच्या खात्यावर, करकपात ठेकेदाराच्या नावे, वहीतील पान पतीच्या नावे. पहाटे फडात शिरून मोळ्या बांधणारी, त्या डोक्यावर वाहून गाडी भरणारी आणि रात्री चूल पेटविणारी स्त्री या तिन्ही कागदांत नाही. इ. स. २०१९ मध्ये ऊसतोड कामगारांसाठी कल्याण महामंडळ स्थापन झाले आणि २०२१ मध्ये ग्रामसेवकामार्फत कामगारांची नोंदणी करून ओळखपत्र देण्याचे ठरले. येथे नोंद प्रथमच गावात व्हावयाची होती, फडावर नव्हे. आणि कोयता अर्धा करून त्यातील प्रत्येकाचे नाव निराळे लिहावयाचे होते.

आर्थिक इतिहासाच्या अभ्यासकास कारखान्यांचे अहवाल व सरकारी निर्णय सहज मिळतात. मुकादमांच्या वह्या कोणत्याही दप्तरखान्यात जमा होत नाहीत. बाकी फिटली की त्यांचे मोल संपते. त्या मालकांच्या संमतीने पाहता आल्या, तर उचल, खाडा आणि बाकी या तीन रकान्यांवरून या पट्ट्यातील घराघराचा पन्नास-साठ वर्षांचा जमाखर्च मांडता येईल. त्यांतील पुरुषांची नावे तेथेच मिळतील. स्त्रियांची नावे मात्र गावात जाऊन विचारून घ्यावी लागतील.