घरोट, कळणा आणि हाडांचे बळ

खानदेशात जात्याला घरोट म्हणतात, तर ज्वारी आणि सालीसकट उडीद एकत्र दळून केलेल्या पिठाला कळणा. जळगाव आणि धुळे या जिल्ह्यांत हाडे बळकट राखण्यासाठी वेगळा असा उपचार नव्हता. ते बळ रोजच्या कष्टातून आणि रोजच्या भाकरीतून मिळत असे, आणि या दोहोंची सांगड विसाव्या शतकात सुटत गेली, हे या प्रदेशाच्या घरगुती इतिहासातील एक दुर्लक्षित प्रकरण आहे.

हाड हा निव्वळ चुन्याचा दांडा नसतो. कोलॅजन या प्रथिनाच्या तंतूंचे जाळे हा त्याचा गाभा असतो आणि कॅल्शियम व फॉस्फेट यांचे क्षार त्या जाळ्यात घट्ट बसलेले असतात. क्षारांमुळे हाडाला कठीणपणा येतो, तर कोलॅजनमुळे आघात सोसण्याची लवचीकता. कोलॅजनचा रेणू तीन पदरांच्या पिळाचा असतो, अशी मांडणी जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्ता यांनी १९५४ मध्ये मद्रास येथे केली. हाडाची झीज आणि भर आयुष्यभर चालू असते, परंतु उतारवयात भर मागे पडते आणि रजोनिवृत्तीनंतर स्त्रियांमध्ये ही तूट झपाट्याने वाढते.

दख्खनच्या ताम्रपाषाणयुगीन वसाहतींत, ज्यांत गिरणेकाठच्या बहाळचाही समावेश होतो, धान्य दगडावर रगडून भरडले जात असे; फिरते जाते त्यानंतर पुष्कळ शतकांनी आले. पुढे पहाटे उठून घरोटासमोर बसणे हा बाईच्या दिवसाचा आरंभ ठरला. एका हाताने खुंटा ओढायचा, दुसऱ्या हाताने मूठमूठ दाणे सोडायचे आणि दमल्यावर हात बदलायचा, या क्रियेत खांदा, दंड आणि पाठ यांवर सतत भार येई. असोद्याच्या बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांनी घरोटावर स्वतंत्र कविताच रचली, यावरून त्याचे त्या जीवनातील स्थान कळते. हाड भारानुसार आपली घडण बदलते, हा सिद्धान्त जर्मन शल्यविशारद युलियुस वोल्फ यांनी १८९२ मध्ये मांडला. २०१७ मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी मध्य युरोपातील नवाश्मयुगीन स्त्रियांच्या दंडाची हाडे आजच्या निष्णात नौकानयनपटू स्त्रियांपेक्षाही मजबूत असल्याचे दाखवले आणि त्याचे एक संभाव्य कारण म्हणून हाताने धान्य दळण्याकडे बोट दाखवले.

भाराला अन्नाची जोड होती. ज्वारीत लायसिन हे अमिनो आम्ल कमी, तर उडदात भरपूर असते. कोलॅजनचे तंतू एकमेकांना घट्ट जोडण्यासाठी शरीराला लायसिन लागते आणि तो पीळ पक्का होण्यासाठी क जीवनसत्त्व. कळण्याच्या भाकरीसोबत हिरव्या मिरचीचा ठेचा किंवा कांद्याची पात घातलेले वांग्याचे भरीत खाण्याची रीत या रसायनाला पूरक होती, मग ती चवीपोटी रूढ झालेली असो वा अनुभवातून. बाळंतिणीच्या डिंकाच्या लाडवात सातपुड्यातील धावड्याचा डिंक पडे. हा डिंक वनस्पतिजन्य कर्बोदक असल्याने त्यापासून कोलॅजन बनत नाही, परंतु त्याच लाडवातील खसखशीतून कॅल्शियम भरपूर मिळे.

या रीतीला सुवर्णयुग म्हणणे मात्र अन्यायाचे ठरेल. सर्वांच्या मागून जेवणाऱ्या आणि एकामागून एक बाळंतपणे सोसणाऱ्या स्त्रीच्या ताटात कळणा पुरेसा पडेच असे नाही. १८९९-१९०० सारख्या दुष्काळात तर भाकरीचीच भ्रांत होती. तेलाच्या इंजिनावर आणि पुढे विजेवर चालणाऱ्या गिरण्या गावोगाव आल्या तेव्हा बाईची रोजच्या दळणातून सुटका झाली, आणि ती व्हायलाच हवी होती. चूक झाली ती इतकीच, की सुटलेल्या भाराच्या जागी दुसरा व्यायाम आला नाही, आणि अनेक घरांत गव्हाच्या पोळीने कळण्याची जागा घेतली.

आज औषधांच्या दुकानांत कोलॅजनची पूड मिळते. पोटात गेलेले कोलॅजन पचनात अमिनो आम्ले आणि त्यांच्या लहान साखळ्या यांत विभागले जाते आणि ते जसेच्या तसे हाडात जाऊन बसत नाही. म्हणून डब्यातील पुडीवर सारी भिस्त ठेवण्यापेक्षा वजन पेलणारा व्यायाम, डाळ-धान्याची जोडी, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वासाठी ऊन यांची घडी पुन्हा बसवणे अधिक शहाणपणाचे आहे. घरोट परत आणण्याची गरज नाही. त्याने हाडांना दिलेला भार मात्र दुसऱ्या रूपाने, आणि या वेळी स्त्री-पुरुष दोघांच्याही दिनक्रमात, परत यायला हवा.