विरघळलेलं मीठ जातं कुठं?

बर्फात मीठ घातलं की तो भराभर वितळू लागतो, हे आपल्याला कुल्फीवाल्याच्या मडक्यामुळं ठाऊक असतं. थंड देशांत हीच युक्ती रस्त्यांवर चालते. अमेरिकेत न्यू हॅम्पशर राज्यानं १९३८च्या सुमारास ती प्रयोग म्हणून वापरून पाहिली. गंमत पाहा, त्याआधी आठच वर्षं, १९३० साली, आपल्याकडे शिरोड्याला मूठभर मिठासाठी सत्याग्रही लाठ्या खात होते! महायुद्धानंतर तिथं घरोघरी मोटारी आल्या आणि भर हिवाळ्यातही रस्ता काळाभोर, मोकळा दिसला पाहिजे असा हट्ट सुरू झाला. मीठ स्वस्त होतं. वितळलेल्या बर्फाबरोबर ते गटारात जाई, आणि नजरेआड झालं की विषय संपे.

रॉचेस्टरमध्ये मात्र तो संपला नाही. कोडॅक कॅमेऱ्यांचं हे शहर. त्याच्या कडेला, ऑन्टॅरिओ सरोवराला जोडलेली इरॉन्डेक्वॉइट बे आहे. दिसायला खाडीसारखी, पण गोड्या पाण्याची. अशा थंड प्रदेशातलं खोल पाणी वसंतात वरखाली ढवळून निघतं आणि तळापर्यंत प्राणवायू पोचतो. तळाचा तो वर्षाचा श्वासच म्हणा. पण खारं पाणी जड. ते खाली जाऊन बसतं. १९६९-७०च्या हिवाळ्यात ते इतकं साचलं की वसंतात पाणी पूर्ण ढवळलंच नाही.

१९७१ साली 'सायन्स' या नियतकालिकात हे प्रसिद्ध झालं. वीस वर्षांत क्लोराइड किमान पाचपट झालं होतं. शिवाय १९३९ सालच्या स्थितीशी ताडून पाहिलं, तर उन्हाळ्यात पाण्याचे थर वेगळे राहण्याचा काळ महिन्याभरानं लांबला होता. मला या साऱ्या हकिगतीत सर्वांत मोलाच्या वाटतात त्या १९३९च्या नोंदी. त्या नसत्या तर 'हे पाणी असंच असतं' म्हणून लोक मोकळे झाले असते. या पाण्यात मैलाही येत होता, तेव्हा सगळं खापर मिठावर फोडता येणार नाही. पण ढवळणं अडवलं ते मिठानंच.

मैलापाणी शुद्ध करणारी नेहमीची केंद्रं क्लोराइड काढत नाहीत. ते मुळात कमी टाकणं, एवढंच हाती उरतं. रॉचेस्टरच्या परिसरात १९७४ पासून ते कमी केलं गेलं. पुढच्या दहा वर्षांच्या मोजणीत क्लोराइड उतरलेलं आणि पाण्याचं ढवळणं सुधारलेलं दिसलं. देशाचा हिशोब मात्र चढताच राहिला. अलीकडे अमेरिकेत वर्षाला सुमारे दोन कोटी टन मीठ रस्त्यांवर पडतं. काही शहरं आता बर्फ पडण्याआधीच मिठाचं पाणी शिंपडतात. त्यानं मीठ कमी लागतं.